जुन्या डीएनएसचं विसर्जन

रविवारी दुपारी सव्वाबाराला उर्मिला पाटकर ताटावर बसतात आणि बारा वीसला उठतात. गेले अकरा रविवार हे असंच चाललंय. ताटात सुरमईची तुकडी असते, शेजारी सोलकढीची वाटी असते, समोर यजमान शशिकांत पाटकर हातात कालथा घेऊन 'कशी झालीय?' हा प्रश्न ओठांवर तयार ठेवून उभे असतात, आणि नेमका तेव्हाच फोन थरथरतो. उर्मिलाबाई फोनकडे बघतात, सुरमईकडे बघतात, आणि लॅपटॉपकडे जातात. शशिकांतराव ताटावर दुसरं ताट पालथं घालतात. पालथ्या ताटाखालची सुरमई अडीच वाजता कशी लागते हे ज्यानं खाल्लंय त्यालाच ठाऊक.

शशिकांतरावांच्या मते हा अपमान सुरमईचा नाही, त्यांचा आहे. सकाळी सात वाजता ते जेसल पार्कातल्या घरून चालत बाजारात जातात. "ताजी आहे ना?" असं विचारतात. "मग काय पोहून दाखवू?" असं कोळणीकडून ऐकून घेतात. मसाला स्वतः वाटतात. आणि बायको एक घास घेऊन म्हणते, "अहो, जरा बघते, जुन्यानं परत फोन उचलला नाही."

हा 'जुना' कोण, हे कळल्याशिवाय उर्मिलाबाई कळायच्या नाहीत.

उर्मिलाबाईंचं वय सत्तेचाळीस. माहेर-सासर दोन्ही लालबाग, मूळ गाव रत्नागिरीकडचं. लग्नानंतर दोघं भाईंदर पूर्वेला आली, कारण लालबागच्या खोलीत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला बसावं लागे. गेली चौदा वर्षं त्या मीरा रोडला एका पॅथॉलॉजी लॅबच्या मुख्य ऑफिसात सिस्टिम ॲडमिन आहेत. लॅबची मीरा-भाईंदरभर एकोणीस कलेक्शन सेंटरं. माणसं सकाळी उपाशीपोटी येऊन रक्त देतात आणि रिपोर्ट घेऊन घाबरून घरी जातात. त्या दोन गोष्टींच्या मध्ये कॉम्प्युटरचं जे जाळं आहे, ते उर्मिलाबाई सांभाळतात. सोसायटीत मात्र 'पाटकरवहिनी कॉम्प्युटरमध्ये आहेत' एवढीच माहिती असल्यामुळे लोक त्यांच्याकडे प्रिंटर, मिक्सर आणि एकदा तर गिझर दुरुस्तीलाही घेऊन आले आहेत.

आता जाळं म्हणजे काय, तर ऑफिसच्या मागच्या थंड खोलीत एक मोठं मशीन आहे आणि त्याच्या पोटात वीस-बावीस मशीनं नुसती मानण्यापुरती राहतात. त्यांना जन्माला घालायचं, पत्ता द्यायचा, नको झाली की पुसायचं, हे सगळं एक सॉफ्टवेअर आपोआप करतं. ऑफिसात त्याला सगळे नुसतं 'टूल' म्हणतात. शशिकांतरावांना उर्मिलाबाईंनी ते असं समजावलं होतं:

"टूल म्हणजे आपल्या सोसायटीचा सेक्रेटरी समजा. डीएनएस म्हणजे गेटवरचा वॉचमन. रजिस्टर घेऊन बसलेला. कोणी विचारलं, 'रिपोर्टवाले कुठं राहतात?' की तो बघून सांगणार, 'बी विंग, चारशे दोन.' भाडेकरू बदलला की सेक्रेटरीनं वॉचमनला फोन करायचा आणि त्यानं रजिस्टरात लिहायचं. ती जी सेक्रेटरी ते वॉचमन फोनची लाइन, ती म्हणजे इंटिग्रेशन."

"बरं."

"आमच्याकडे दोन वॉचमन आहेत."

"पगार दोघांना?"

"अहो, पगाराचं नाही. नवा ठेवला तीन वर्षांपूर्वी. जुन्याला काढायचं राहून गेलं. दर रविवारी बाराला टूल रिपोर्टचं मशीन पाडून नवंकोरं उभं करतं, आणि नवा पत्ता दोघांनाही कळवतं. जुना फोनच उचलत नाही. थकलाय. आणि तो उचलत नाही तोवर सेक्रेटरी पुढचं काही करत नाही. मशीन अर्धवट उभं. मग मी जाऊन जुन्याला हलवून उठवायचं."

"मग काढून टाका ना त्या जुन्याला!" शशिकांतराव कालथा हवेत फिरवून म्हणाले.

किती सोपं! उर्मिलाबाई तीन वर्षं हेच म्हणत होत्या. पण आपल्या लोकांना वस्तू काढून टाकण्याचं जे दुःख होतं ते वस्तू विकत घेतानासुद्धा होत नाही. ज्या घरात श्रीखंडाचे एकवीस रिकामे डबे 'लागतील' म्हणून माळ्यावर असतात, त्याच घरातली माणसं ऑफिसात येतात. मीटिंगमध्ये विषय निघाला की कोणी तरी म्हणायचं, "असू दे की मॅडम. काय खायला मागतंय का ते?" उर्मिलाबाईंना सांगावंसं वाटे की हो, मागतंय, दर रविवारी माझी सुरमई खातंय. पण मीटिंगमध्ये सुरमई काढता येत नाही.

बरं, काढायचं तरी कसं? लाइन तोडायची म्हणजे एक स्क्रिप्ट चालवायची, चार ओळींची. पण तोडण्याआधी तीन गोष्टींची खात्री हवी. जुन्याच्या रजिस्टरातली सगळी नावं नव्याकडे उतरली आहेत का, नवी मशीनं नव्याच्या नावावर लावली आहेत का, आणि अजून कोणी जुन्यालाच पत्ता विचारत बसलेला नाही ना. पहिली दोन कामं उर्मिलाबाईंनी केव्हाच करून ठेवली होती. तिसरं अडलं होतं. एकोणीस सेंटरांना त्यांनी मेल पाठवला: आपल्या कॉम्प्युटरची अमुक सेटिंग बघून कळवावी. चौदा जणांनी अंगठा पाठवला. तिघांनी 'नोटेड' लिहिलं. केबिन रोडच्या ममतानं 'गुड मॉर्निंग मॅडम' लिहून फुलं पाठवली. एका सेंटरचं उत्तरच आलं नाही, आणि ते आलेलं नाही हे अठरा निरर्थक उत्तरांच्या गर्दीत लक्षातही आलं नाही.

अकराव्या रविवारी जुना उठवल्यावर पुन्हा झोपला, आणि सोमवारी सकाळी त्याला परत उठवेपर्यंत केबिन रोडला रिपोर्ट निघेनात. साखर वाढलेली माणसं रांगेत उभी राहून आणखी वाढवून घेत होती. साडेनऊला रोशन शहांनी उर्मिलाबाईंना केबिनमध्ये बोलावलं. रोशनभाई म्हणजे मालकांचे पुतणे, वय चौतीस, सगळा कारभार त्यांच्याकडे. माणूस मनानं वाईट नाही, फक्त कुठलंही वाक्य शेवटपर्यंत ऐकायला त्यांना वेळ नसतो.

"उर्मिलाबेन, बस झालं हां. अजून एक मंडे असा गेला ना, तर सगळं आयटी बाहेरच्या कंपनीला. काका पण तेच बोलले. मला पण वाईट वाटतंय, पण काय करणार?"

"रोशनभाई, दुखणं जुन्या डीएनएसचं आहे. ते काढलं की–"

"तो निकाल दो ना!"

"काढते. फक्त दोन-तीन दिवस द्या, एक गोष्ट तपासायची–"

रोशनभाईंनी तोवर फोनवर चौघडिया, म्हणजे दिवसाच्या शुभ-अशुभ वेळांचं कोष्टक, उघडला होता. "आज दहा वाजून बारापासून शुभ आहे. दहा बाराला करू. मीच दाबतो बटन. नारळ मागवतो."

कुठलंही महत्त्वाचं काम चौघडिया बघितल्याशिवाय करायचं नाही, हा त्या ऑफिसचा रिवाज. तपासणीचं नवं मशीन आलं तेव्हाही त्यात पहिला रक्ताचा नमुना 'लाभ'मध्ये घातला होता, आणि ज्याचं रक्त होतं तो बिचारा 'उद्वेग' आणि 'चर' दोन्ही संपेपर्यंत उपाशी बसला होता.

दहा वाजून पाच मिनिटांनी उर्मिलाबाईंच्या टेबलाभोवती तीसएक माणसं जमली. थंड खोलीच्या दाराला हार लागला. कोणाला काय काढतायत ते माहीत नव्हतं, पण पेढे आहेत हे माहीत होतं. तिसरी खात्री झालेली नसताना लाइन तोडायची म्हणजे कुठल्या सेंटरवर कोण अंधारात जाईल सांगता येत नव्हतं. आणि तीस माणसांसमोर मालकांच्या पुतण्याला 'थांबा' म्हणण्याची त्यांची टाप नव्हती. मग त्यांनी तेच केलं जे कुठलाही शहाणा नाटकवाला करेल: रंगीत तालीम लावली.

टूलमध्ये ती सोय असते. स्क्रिप्ट तालमीवर ठेवली की ती सगळं तपासते, 'खरं चालवलंस तर हे हे जाईल' असं सांगते, पण पुसत काहीच नाही. गंमत एवढीच, की पडद्यावर शेवटी जी पिवळी ओळ उमटते ती तालमीतही तीच आणि प्रयोगातही तीच: एक बदल झाला.

"दाबू?" रोशनभाईंनी विचारलं.

"रोशनभाई, ही नुसती तालीम–"

"दहा बारा!" कोणीतरी ओरडलं. रोशनभाईंनी डोळे मिटून एंटर दाबला. पिवळी ओळ उमटली. नारळ फुटला, पाणी थोडं कीबोर्डवर गेलं, टाळ्या झाल्या. दहा तेराला लॅबच्या सगळ्या ग्रुपवर रोशनभाईंचा मेसेज पडला: 'ओल्ड डीएनएस सक्सेसफुली डिलीटेड', मागे तीन नमस्कार.

उर्मिलाबाईंच्या हातात पेढा होता. त्यांनी ठरवलं, गर्दी पांगली की केबिनमध्ये जाऊन सांगू. गर्दी पांगली तेव्हा रोशनभाई ठाण्याला निघून गेले होते. पेढा खाऊन टाकावा लागला. खोट्या विसर्जनाचा पेढा गोड लागतो, हे त्यांना फार लागलं.

खरी मजा मंगळवारी सुरू झाली. मजा म्हणजे आपण मजा म्हणायचं, उर्मिलाबाईंनी त्या चार दिवसांना जे म्हटलं ते छापता येण्याजोगं नाही.

मंगळवारी सकाळी ऑफिसच्या इमारतीची लिफ्ट दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यामध्ये अडकली. आतून अकाउंट्सच्या अमोलचा आवाज आला, "काल ते काहीतरी डिलीट केलं ना, तेव्हाच मला वाटलेलं!" दुपारी हजेरीच्या मशीननं सहा जणांना लेटमार्क दिला. सहाही जण म्हणाले, आम्ही वेळेवर होतो, डीएनएस गेलं म्हणून मशीनला वेळ कळेना. कँटीनवाल्याचा यूपीआयचा डबा बोलायचा बंद झाला. तो वर येऊन म्हणाला, "मॅडमजी, मेरा वाला भी गया क्या उसमें?" त्याच्या डब्याची बॅटरी संपली होती.

आणि ममताचे फोन.

"मॅडम, प्रिंटर लाल लाइट दाखवतोय."

"कागद संपला असेल, ममता."

"कागद आहे मॅडम. तो डीएनएस गेल्यामुळे घेत नसेल."

"ममता, ट्रे उघड."

"उघडला... अय्या, संपलाय. पण मॅडम, आधी कसा नाही संपायचा?"

काहीही पुसलेलं नव्हतं! जुना वॉचमन गेटवर तसाच घोरत बसला होता. केसाएवढा फरक कुठं झालेला नव्हता. पण मीरा रोडपासून भाईंदरच्या खाडीपर्यंत जे जे बिघडायचं राहिलं होतं ते सगळं सोमवारी दहा बारापासून बिघडायला लागलं होतं, आणि त्याचं कारण सगळ्यांना एकमतानं कळलं होतं. उर्मिलाबाईंच्या चौदा वर्षांत ऑफिसात इतकं एकमत कधी झालं नव्हतं.

बुधवारी घरी शशिकांतराव म्हणाले, "आपल्या बिल्डिंगचं पाणी आज कमी दाबानं येतंय. तुमचं ते–"

"अहो!!"

"नाही, नुसतं विचारलं."

त्या रात्री त्या नीट जेवल्या नाहीत. राग लोकांचा नव्हता, स्वतःचा होता. सोमवारी 'थांबा' हा एक शब्द तोंडातून निघाला असता तर? आता खरं सांगावं तर कोण विश्वास ठेवणार, आणि न सांगावं तर रविवार येतोच आहे. जुना तिथंच आहे, रविवारी फोन उचलणार नाही, सोमवारी रिपोर्ट निघणार नाहीत, आणि यावेळी ताटावरून नाही, नोकरीवरून उठावं लागेल.

एक बरं काम मात्र त्यांनी मंगळवारीच केलं होतं. जुन्या वॉचमनला कोण कोण पत्ता विचारतं याची नोंद ठेवणं डिस्क भरली म्हणून कित्येक वर्षं बंद होतं. त्यांनी जुना कचरा काढून जागा केली आणि ती नोंद चालू केली. गुरुवारी सकाळी, फोन उलटा ठेवून, त्या नोंद वाचायला बसल्या. भल्यामोठ्या यादीची तयारी करून बसल्या होत्या. यादीत एकच नाव होतं. पुन्हा पुन्हा तेच, सकाळी आठपासून एकपर्यंत, दर दहा मिनिटांनी: तारोडी.

तारोडी म्हणजे उत्तनकडचं समुद्राकाठचं गाव, आणि तिथलं सेंटर म्हणजे एक खोली. ज्या सेंटरचं मेलला उत्तर आलं नव्हतं तेही हेच. बाकीच्या अठरा सेंटरांना जुन्याशी काही देणंघेणं नव्हतं, ती कधीच नव्याकडं गेली होती. म्हणजे सोमवारी लाइन खरोखर तुटली असती, तर रविवारनंतर जुन्याच्या रजिस्टरात नवा पत्ता पडला नसता, आणि एकट्या तारोडीचा कॉम्प्युटर भलत्याच दारात जाऊन उभा राहिला असता. आणि गेल्या तीन दिवसांत ज्या एका सेंटरनं तक्रारीचा एकही फोन केलेला नव्हता, तेही तारोडीच.

लिफ्ट ओरडत होती, यूपीआयचा डबा ओरडत होता, ममता तर ओरडतच होती. ज्याचं खरंच बुडणार होतं ते गप्प होतं. उर्मिलाबाई खुर्चीत मागे टेकल्या आणि चार दिवसांत पहिल्यांदा शांत झाल्या.

तेवढ्यात रोशनभाईंचं बोलावणं आलं.

"उर्मिलाबेन, आता हद्द झाली. लिफ्टपण बंद. तुम्ही तो जुना डीएनएस परत आणा."

"रोशनभाई, ऐका. तो गेलेलाच नाहीये. सोमवारी आपण फक्त तालीम केली. काहीच डिलीट झालं नाही. मी तेव्हाच सांगायला हवं होतं, माझी चूक आहे."

रोशनभाई डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात तशा आवाजात म्हणाले, "मी स्वतः एंटर दाबला ना?"

"हो, पण–"

"पिवळी लाइन आली ना? नारळ फोडला ना? अडीच किलो पेढे आले, उर्मिलाबेन! असं कसं गेला नाही?" मग त्यांना दया आली. "टेन्शन घेऊ नका. मी काकांना सांगितलंय, जुना डीएनएस शनिवारी परत येतोय. दोन वीसला लाभ आहे. तेव्हा करू. आणि मंडेला सगळं बरोबर पायजे, समजलं?"

"सोमवारी सगळं बरोबर होईल," उर्मिलाबाई म्हणाल्या. एवढं एकच वाक्य होतं जे दोघांनाही एकदमच खरं वाटलं.

शुक्रवारी सकाळी त्या बसनं तारोडीला गेल्या. सेंटरच्या दारात वाळत घातलेल्या बोंबलांचा वास, आत एक टेबल, एक खुर्ची, आणि टेबलावर क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला कॉम्प्युटर. विमलाबाई आत होत्या. वय साठीच्या आसपास, अंगावर नऊवारी, चष्मा दोरीला. गावातल्या लोकांचे नमुने गोळा करायचे, पेटीतून मुख्य लॅबला पाठवायचे आणि सोमवारी रिपोर्ट छापून घरोघरी पोचवायचे, हे काम त्या नऊ वर्षं करतात.

उर्मिलाबाई कॉम्प्युटरकडे वळल्या, तशा विमलाबाई आडव्या आल्या.

"हात नाय लावायचा. कागद वाचा."

मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीनं लावलेला, पिवळा पडलेला कागद होता. त्यावर लिहिलं होतं: 'सेटिंगला हात लावू नये. – इंजिनीअर.' तारीख नऊ वर्षांपूर्वीची. उर्मिलाबाईंना तो इंजिनीअर आठवला. तो केव्हाच दुबईला गेला. सगळीकडची मशीनं बदलली, सेटिंग बदलल्या, इथं विमलाबाईंनी कागदाची आज्ञा पाळली होती.

"विमलाबाई, मी मुख्य ऑफिसातून आलेय. मीच ते बघते."

"तुमी इंजिनीअर हाय?"

"...हो, तसंच."

"तसंच नाय. हाय का न्हाय?"

"आहे," उर्मिलाबाई म्हणाल्या. चौदा वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी इतका सरळ विचारला नव्हता.

"मंग काढा कागद. पन नवा लिवून लावा. तारीख घाला. सही करा."

रुमाल बाजूला झाला. सेटिंगमध्ये जुन्या वॉचमनचा नंबर हातानं टाइप केलेला होता. तो खोडून नव्याचा घालायला अर्धं मिनिट लागलं. मग दोन रिपोर्ट काढून बघितले. निघाले. पुन्हा काढले. निघाले. विमलाबाई पाठीशी उभ्या राहून बघत होत्या.

"आता बी चालतोय, आदी बी चालत व्हता. मंग तुमी इतक्या लांब कशाला आल्या?"

"पुढच्या सोमवारी बंद पडला असता. म्हणून."

"मोठ्या आवाजाच्या बायचा रिपोर्ट असतो सोमवारी. किडनीचा," विमलाबाई म्हणाल्या. "तो न्हाय मिळाला तर ती मला सोडनार न्हाय, तुमाला बी न्हाय." आणि मग, "सोमवारी ग्रुपवर कायतरी डिलीट झाला असा आला. बाकीचे सगले बोंबलत व्हते. मी बगितला, माजा चालतोय. मंग कशाला बोलू?"

उर्मिलाबाईंना त्या क्षणी विमलाबाईंना मुख्य ऑफिसात आणून मालकांच्या खुर्चीत बसवावंसं वाटलं. त्यांनी नवा कागद लिहिला, तारीख घातली, आयुष्यात पहिल्यांदाच नावापुढे 'इंजिनीअर' लिहून सही केली आणि खाली आपला मोबाइल नंबर टाकला. निघताना विमलाबाईंनी सुक्या बोंबलांची पुडी हातात कोंबली. परतीच्या बसमध्ये त्यांच्या शेजारची सीट भाईंदरपर्यंत रिकामी राहिली.

शनिवारी दोन वाजता पुन्हा टेबलाभोवती गर्दी. पुन्हा हार, वर 'वेलकम बॅक'ची पाटी. यावेळी पेढ्यांऐवजी बर्फी होती, कारण काका म्हणाले होते की पेढ्यांना यश आलं नाही. उर्मिलाबाईंनी सकाळपासून सगळं पुन्हा तपासलं होतं. नोंद स्वच्छ होती. कालपासून जुन्याला कोणीही काही विचारलं नव्हतं. जायचं ते इंटिग्रेशन त्यांनी नावानं नाही, नंबरानं लिहिलं, म्हणजे चुकून नवं जायला नको. मग तालीम उतरवून ठेवली. आता खरा प्रयोग.

यावेळी त्या घाबरल्या नाहीत. सोमवारची चूक पुन्हा करायची नव्हती. तीस माणसांसमोर त्या उभ्या राहिल्या आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "रोशनभाई, थांबा. हा एंटर दाबल्यावर जुना डीएनएस खरोखर डिलीट होणार. परत येणार नाही. जाणार. मला हे सगळ्यांसमोर सांगायचंय."

रोशनभाई मोठ्यांदा हसले. "अरे, उर्मिलाबेनला चार दिवसांत किती टेन्शन दिलं आपण! बघा, उलटंच बोलायला लागल्या." सगळे हसले. ममता खास केबिन रोडवरून आली होती, ती सगळ्यात जास्त हसली.

"मी उलटं बोलत नाहीये–"

"दोन वीस!"

एंटर. पिवळी ओळ. एक बदल झाला. नारळ फुटला, यावेळी उर्मिलाबाईंनी कीबोर्ड आधीच बाजूला घेतला होता. त्यांनी टूलमध्ये जाऊन बघितलं. दोन वॉचमनच्या यादीत एकच उरला होता. तीन वर्षं, अकरा रविवार, आणि शेवटी तो गेला तो 'वेलकम बॅक'च्या टाळ्यांत.

रविवारी सव्वाबाराला उर्मिलाबाई ताटावर बसल्या. शशिकांतराव हातात दुसरं ताट तयार ठेवून उभे होते. बारा वीस झाले. बारा पंचवीस. फोन थरथरला नाही. उर्मिलाबाईंनी तो उचलून चालू आहे ना ते बघितलं.

"जेवा ना," शशिकांतराव म्हणाले.

"जेवतेय."

"तुम्ही फोन जेवताय."

बारा बत्तीसला फोन वाजला. उर्मिलाबाईंनी घास ताटात ठेवला. शशिकांतरावांनी ताट पालथं घालायला हात पुढे केला. नंबर अनोळखी होता.

"हॅलो?"

"इंजिनीअर बाय का? मी तारोडीची विमलाबाय. मशीन चालतोय. आता उगडून बगितला. मोठ्या आवाजाच्या बायचा सोमवारचा रिपोर्ट आजच आलाय."

"मग... काही बिघडलंय का?"

"न्हाय. चालतोय तेच सांगाया फोन केला. बिगडल्यावर तर सगलेच करतात." आणि फोन बंद.

उर्मिलाबाईंनी फोन ताटाशेजारी उलटा ठेवला. चौदा वर्षांत असा फोन कधी आला होता का, ते त्या आठवत असाव्यात. मग त्यांनी सुरमईचा मोठा तुकडा मोडला. वाफ निघत होती.

"कशी झालीय?" शशिकांतरावांनी अकरा रविवार साठवलेला प्रश्न विचारला.

"मीठ जरा जास्त झालंय."

शशिकांतराव खुर्चीवर बसले. इतकी वाट बघून हे ऐकावं लागलं, तरी त्यांचा चेहरा सुखी होता.

सोमवारी एकोणीसही सेंटरांवर रिपोर्ट वेळेवर निघाले. अकरा वाजता रोशनभाई स्वतः टेबलाशी आले. "मान गये, उर्मिलाबेन! परत आणला तर बघा, सगळं कसं पहिल्यासारखं चाललं. लिफ्टपण. काकांनी बाहेरच्या कंपनीचा विषय बंद केला. पण एक प्रॉमिस करा, आता त्या जुन्याला कधी हात नाही लावायचा."

"नाही लावणार," उर्मिलाबाई म्हणाल्या. लावायला तो होताच कुठं?

दुपारी त्या थंड खोलीत गेल्या तेव्हा जुन्या मशीनवर ताजा हार होता, आणि खाली रोशनभाईंनी स्वतः छापून, प्लास्टिकमध्ये घालून लावलेला कागद: 'हे चालू आहे. हात लावू नये.' मशीनचा दिवा बंद होता. उर्मिलाबाईंनीच सकाळी प्लग काढला होता.

त्यांनी कागद काढायला हात पुढे केला. मग तेवढ्यात बाहेरून ममताचा फोन आल्याचं कोणीतरी ओरडून सांगितलं. प्रिंटर पुन्हा लाल दिवा दाखवत होता. उर्मिलाबाईंनी हात मागे घेतला, दार लावलं, आणि चालता चालताच म्हणाल्या, "तिला सांगा, आधी ट्रे उघड."